‘द विचर ३’ हा निव्वळ पाणी घालून वाढवलेला खेळ आहे काय?

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा व्हिडिओ खेळ १९ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे लोटली, तरी त्याच्याविषयीचे एक मत गोव्यातील गेमर मंडळींमध्ये, फोंड्यापासून म्हापशापर्यंत, अजूनही जसेच्या तसे पुढे पाठवले जाते. त्याचा मथितार्थ असा : मूळ कथा वीस तासांची असून बाकी सारे पाणी घालून वाढवलेले आहे, साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या कामगिऱ्या) म्हणजे निरोप्याची कामे, खेळाडूच्या निवडींना अर्थ नाही, कारण शेवट ठरलेलेच आहेत, लढाई म्हणजे एकच बटण दाबत राहणे, आणि युरोपातल्या भुताखेतांशी आपले काही देणेघेणे नाही. यातल्या काही तक्रारींत तथ्य आहे. मात्र त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे मुद्देसूद मांडणे आवश्यक वाटते.

पाणी कुठे घातले आहे, हे आधी नीट पाहिले पाहिजे. मॅपवर विखुरलेली प्रश्नचिन्हे, म्हणजे न धुंडाळलेल्या जागांच्या खुणा, हा खरोखरच भरताड आहे, आणि खेळातल्या स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात तर त्याने कळस गाठला आहे. होडी घ्यायची, तस्करांनी बुडवून ठेवलेल्या पेट्या शोधायच्या, सायरन नावाच्या उडणाऱ्या राक्षसिणींना बाणांनी खाली पाडायचे, आणि बक्षीस म्हणून विकून टाकण्याजोग्या तलवारी गोळा करायच्या. याचे समर्थन कोणी करू नये. परंतु ही प्रश्नचिन्हे आणि साइड क्वेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वरील मत त्या दोहोंना एकाच दावणीला बांधते. मॅपवरची ही चिन्हे सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतात. क्वेस्ट मात्र टाळल्या, तर खेळाचा गाभाच हातचा जातो.

निरोप्याच्या कामाचेच उदाहरण घेऊ. व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या प्रदेशात एक म्हातारी गेराल्टला, म्हणजे राक्षसांची शिकार करणाऱ्या ‘विचर’ कथानायकाला, आपला तवा परत आणून द्यायला सांगते. वरवर पाहता याहून क्षुल्लक काम सापडणार नाही. परंतु त्या बंद झोपडीत शिरल्यावर प्रेत दिसते, जळलेले कागद दिसतात, आणि तव्याची काजळी कोणी तरी खरवडून शाई करण्यासाठी वापरली असावी असा माग लागतो. युद्ध गावाच्या उंबरठ्यावर कसे येऊन ठेपले आहे, हे त्या तव्याने लांबलचक संवादांवाचून सांगितले. असे लेखन वेळ भरण्यासाठी कोणी करत नाही.

याच प्रदेशात ओसाड वाडीवरच्या विहिरीची क्वेस्ट आहे, आणि गोव्यातल्या वाचकाने ‘परक्या भुतांशी संबंध काय’ हा आक्षेप घेण्याआधी ती अवश्य खेळून पाहावी. आजारी मुलीसाठी एका गरीब गावकऱ्याला त्या विहिरीचे पाणी हवे आहे. पण भर दुपारी तिथे एका मारल्या गेलेल्या बाईचे भूत फिरते. नुसती तलवार चालवून तिच्यापासून सुटका होत नाही. विहिरीत उतरून, बुडी मारून तिचे कडे शोधावे लागते आणि ते तिच्या अवशेषांसह जाळावे लागते. तेव्हा कुठे ती समोर येते, आणि यर्डेन या मंत्रचिन्हाच्या वर्तुळात ओढल्याखेरीज तिच्यावर घाव धड बसत नाही. भर दुपारी विहिरीकडे एकट्याने जाऊ नये, तिन्हीसांजेला झाडाखाली थांबू नये, असे आपल्याकडे कोणत्या आजीने सांगितलेले नाही? राखणदाराला रोट वाढणाऱ्या आणि देवचाराच्या वाटेवर जपून चालणाऱ्या गावांतल्या माणसाला ही स्लाव्ह लोककथा परकी वाटायचे कारण नाही.

वेलेन या दलदलीच्या प्रदेशातल्या ब्लडी बॅरनच्या कथेत ही जवळीक अधिकच खोल जाते. दारूच्या नशेत बायकोला मारहाण करणाऱ्या या सरदाराचे मूल गर्भातच गेले, विधीवाचून पुरले गेले आणि बॉचलिंग नावाचे पिशाच झाले. गेराल्टला दोन मार्ग आहेत : त्याला मारून टाकणे, किंवा बापाकडूनच त्याचे संस्कार करवणे. दुसरा मार्ग धरला, तर तो धिप्पाड, उर्मट माणूस त्या भेसूर अर्भकाला उचलून पावसात घराकडे चालू लागतो. ते चवताळले की गेराल्टने त्याला शांत करायचे, मध्येच चाल करून येणारी भुते परतवायची, आणि अखेर बापाने त्याला ‘दिया’ असे नाव देऊन, मुलगी म्हणून स्वीकारून, उंबरठ्याखाली पुरायचे. त्यानंतर ते घराचे रक्षण करणारे होते. या प्रसंगात खेळ बॅरनला माफ करत नाही, आणि त्याचे दुःख खोटेही ठरवत नाही. मला तरी कुठल्याही लांब खेळात यापेक्षा प्रामाणिकपणे लिहिलेला प्रसंग आढळलेला नाही, आणि ‘पाणी घातले आहे’ हा शेरा त्याच्या आसपासही टिकत नाही.

निवडींविषयीचा आक्षेप वस्तुस्थितीलाच धरून नाही. डाउनवॉरेन गावाजवळच्या टेकडीत, झाडाच्या मुळांशी एक आत्मा कोंडलेला आहे. त्याला सोडले, तर दलदलीतल्या अनाथ मुलांचा जीव वाचतो. पण गाव उद्ध्वस्त होते, बॅरनची बायको अ‍ॅना शापाला बळी पडते आणि बॅरन स्वतःला गळफास लावून घेतो. आत्म्याला मारले, तर गाव वाचते, बॅरन वेड्या झालेल्या अ‍ॅनाला घेऊन उपचारांसाठी निघून जातो, आणि मुलांचे काय झाले असेल हे खेळाडूने समजून घ्यायचे असते. शुभ्र असा पर्यायच येथे नाही.

गेराल्टची मानसकन्या सिरी हिचे भवितव्य तीन प्रकारचे आहे, हे खरे. परंतु ‘शेवट ठरलेले’ म्हणणारे लोक ती वाट कशी ठरते याचा विचार करत नाहीत. खचून बसलेल्या सिरीसोबत बर्फाचे गोळे फेकून खेळायचे की तिला दारू पाजायची. चेटकिणींच्या सभेला तिला एकटीने सामोरे जाऊ द्यायचे की मागे उभे राहायचे. तिला मित्राच्या थडग्याशी जाऊ द्यायचे की घाई करायची. असे मोजकेच प्रसंग निर्णायक ठरतात, आणि त्या क्षणी पडद्यावर तशी कोणतीही सूचना येत नाही. पालकाने मुलीवर विश्वास टाकला की तिला जपण्याच्या नावाखाली अडवले, याचा हिशेब शेवटी होतो.

लढाईबाबत मात्र टीकाकारांशी माझे बरेचसे जमते. नेहमीच्या काठिण्यपातळीवर क्वेन या मंत्रचिन्हाचे कवच घ्यावे, झटपट वार करावेत, लोळण घ्यावी आणि पुन्हा तेच करावे, एवढ्यावर खेळ संपवता येतो. वरच्या दोन पातळ्यांवर ध्यानाला बसून प्रकृती भरून येत नाही, म्हणून तेले, काढे आणि राक्षसांची टिपणे यांना खरा अर्थ येतो. तरीही लेव्हलची व्यवस्था सदोषच राहते. डोक्यावर लाल कवटी असलेला, म्हणजे खेळाडूपेक्षा बऱ्याच वरच्या लेव्हलचा, सामान्य दरोडेखोर ग्रिफिनसारख्या राक्षसापेक्षा चिवट ठरावा, हे जगाच्या तर्कात बसत नाही.

याहून मोठा दोष त्या लोकप्रिय मताने पाहिलेलाच नाही. विचरांचा किल्ला असलेल्या केर मॉरहेनच्या लढाईनंतर कथा घाईला येते. ज्याच्या नावाने खेळ ओळखला जातो, त्या वाइल्ड हंटचा, म्हणजे सिरीच्या मागावर असलेल्या स्वारांच्या टोळीचा, राजा एरेडिन चिलखत घातलेल्या धमकीपलीकडे जात नाही. आणि राजा राडोविदच्या हत्येच्या कटानंतर माजी हेरप्रमुख डिक्स्ट्रासारखा धूर्त माणूस ज्या पद्धतीने अचानक वागतो, ते त्याच्या आधीच्या प्रत्येक संवादाशी विसंगत आहे. खेळ अनावश्यक लांब आहे असे म्हणणाऱ्यांना मी सांगेन की त्याचा अखेरचा भाग उलट तोकडा आहे. तिथे आणखी काही तास हवे होते.

उरला वेळेचा प्रश्न. नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून मुख्य कथेला लागणारे ५० तास काढणे सोपे नाही, हे मान्य करायलाच हवे. अशांसाठी ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेला ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ हा विस्तार आहे. मुख्य खेळ न खेळताही, सुरुवातीच्या मेन्यूतून तयार गेराल्ट घेऊन तो थेट सुरू करता येतो आणि दहा-बारा तासांत संपतो. ओल्गिएर्ड या सरदाराने केलेला सौदा, आरशांच्या व्यापाऱ्याच्या वेषात फिरणारा गाँटर ओ’डिम, आणि एका लग्नात ओल्गिएर्डच्या मेलेल्या भावाचा आत्मा गेराल्टच्या अंगात शिरून रात्रभर घालत असलेला धुमाकूळ, एवढ्यात या लेखकांची ताकद पुरेशी कळते. ज्यांना तोही पाणचट वाटेल, त्यांनी पुढचे ५० तास खर्च करू नयेत.