बिफोरच्या आधी अन् बिफोरच्या पुढं

इंग्रजीतल्या अवजड शब्दांना मी भीत नाही, ते डिक्शनरीत सापडतात. जीव खातो तो 'बिफोर'. आधी म्हणजे बिफोर, समोर म्हणजेही बिफोरच! तहसीलच्या नोटिशीत 'अपिअर बिफोर द तहसीलदार बिफोर द फिफ्थ' असं असलं, तर पहिला बिफोर साहेबांच्या पुढ्यात उभा करतो अन् दुसरा फार तर चार तारखेपर्यंत मुदत देतो. कारण त्यात पाच तारीख धरत नाहीत. पाचलाही चालत असेल तर 'ऑन ऑर बिफोर' लिहावं लागतं. या एवढ्याशा 'ऑन'वर वकिलांचं बरं चालतं.

एका शब्दाचे हे दोन अर्थ जमतात कसे, ते एसटी स्टँडवरच्या रांगेत कळतं. जो आपल्या पुढं उभा, तो आपल्या आधी आलेला. (खिडकीतून रुमाल टाकणारे या व्याकरणात बसत नाहीत.) बिफोरमधला 'फोर' म्हणजे चार नव्हे. 'फोरहेड' म्हणजे कपाळ, त्यातला तो 'फोर', पुढची बाजू दाखवणारा.

आपला खरा घोळ निराळाच. 'पाच दिवसांआधी'चं आपण बिनधास्त 'बिफोर फाइव्ह डेज' करतो. आजपासून मागं मोजायचं असेल तर 'फाइव्ह डेज अगो'. दुसऱ्या एखाद्या दिवसापासून मागं मोजायचं असेल तर आकडा आधी, बिफोर नंतर: 'फाइव्ह डेज बिफोर द वेडिंग'. मराठवाडा मुक्त झाला 17 सप्टेंबर 1948 ला, पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाविरुद्धची लष्करी कारवाई, सुरू झाली 13 ला. म्हणजे 'फोर डेज बिफोर'. तिथं 'अगो' घातलं की रणगाडे परवा-तेरवाच निघाले म्हणायचे!

पुढची ठेच 'पाऊस यायच्या आधी'ला लागते. 'बिफोर द रेन विल कम' चुकीचं, 'बिफोर द रेन कम्स' बरोबर. वेळ दाखवणाऱ्या बिफोरमागं 'विल' लागत नाही. पाऊस आपल्याकडं कधी येईल ते येईल, इंग्रजीत तो आल्यातच जमा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत बिफोर लॅटिन वेशात येतो. 'ए.सी.' म्हणजे जेवणाआधी. लातूरच्या मे महिन्यात माणूस भलतीच आशा धरतो, पण ते गोळीबद्दल असतं. 'पी.सी.' जेवणानंतर, तिथंही कॉम्प्युटर नाही. 'ए.एम.'मधला 'ए'ही 'आधी'चाच. अन् 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणणाऱ्यांनी ए.सी.ची गोळी विठोबाच्या रांगेत ढकलू नये, तिचा नंबर पोटोबाच्याही बिफोर.