इंग्रजी पळते, मराठी चालते

जुनी स्कूटर विकायला काढलीय. बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, ‘रनिंग किती झालंय?’ गाडी दोन वर्षं जिन्याखाली धूळ खात उभी आहे, तरी रनिंग! परवा सुतारानेही पट्टीचा भाव ‘रनिंग फुटा’वर सांगितला. पट्टी भिंतीला टेकून होती, जागची हललीही नव्हती. तेव्हापासून हा ‘रन’ डोक्यातून जात नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे कोश सुधारताना ‘रन’ने तिला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर हे कोशकार त्यासाठी नऊ महिने खपले. बाळंतपणच की हे.

इंग्रजांचं नाक पळतं, नदी पळते, धुण्यात कच्चा रंग पळतो. मधुमेह घराण्यात पळतो. डब्यातली साखर संपली तरी ती ‘रन आउट’. बँक बुडणार अशी आवई उठली की लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात, त्यालाही ‘रन’च म्हणायचं. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमधला मात्र ‘स्टँड’. आपलाही उभाच राहतो. पळापळ सगळी निकालानंतर.

आपण नाक वाहू देतो, रंग जाऊ देतो, साखर संपू देतो. ज्याचं काम त्याला. मला हेच आवडतं. एकाच बैलाला सगळी शेतं कशाला नांगरायला लावायची?

अर्थात आपलाही एक बैल आहेच, ‘चालणे’. घड्याळ चालतं, संसार चालतो, भाऊबंदकीचा खटला तीन पिढ्या चालतो. गाण्याला चाल, बुद्धिबळात चाल, घराण्याची चालरीत. आणि ‘तो जरा चालू आहे’ म्हटलं की त्याच्या पायांशी कुणाला काही देणंघेणं नसतं.

म्हणूनच ‘मी बिझनेस रन करतो’ ऐकलं की वैताग येतो. अरे, ‘चालवतो’ म्हण ना! क्रिकेटसाठी कुणीतरी ‘धावबाद’सारखा चपखल शब्द घडवलाच की. ‘रनिंग फूट’ मात्र सुताराला माफ. त्याला पर्याय मलाही सुचलेला नाही.

काल एक गिऱ्हाईक आलं. स्कूटरभोवती दोन चकरा मारल्या, सीटवर थाप मारली. ‘दहा हजाराला चालेल का?’

‘नाही चालणार,’ म्हटलं.

तो गेला. स्कूटर चालते का, हे विचारलंच नाही त्याने.