सही माझीच होती: कोंबड्यांवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

परसातल्या कोंबड्यांवर मी लिहिलं त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात देते. घर घेताना एचओएच्या, म्हणजे इथे अमेरिकेत वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, करारनाम्यावर सही केली, मग तो मोडण्याचा हक्क मला कुणी दिला, असं तुम्ही विचारलं आहे. उंदीर, वास आणि आजार शेजाऱ्यांनी का सोसायचे? कोर्टात गेलात तर हराल. आणि मोजकी भारतीय घरं असलेल्या वसाहतीत असं वागून मी आपल्या सगळ्यांचं नाव खराब करते. तुम्ही स्वतः सहा वर्षं तुमच्या एचओएचे सेक्रेटरी आहात, बिनपगारी, आणि अशा तक्रारी रात्री अकरा वाजता तुम्हालाच येतात, हेही तुम्ही सांगितलंत. त्यामुळे उत्तर दोन ओळींत आटोपणं मला बरं वाटलं नाही.

तुमचं पहिलं म्हणणं खरं आहे आणि मी ते मूळ लेखातच लिहायला हवं होतं. मी नियम मोडला होता. कोंबड्या आणण्याआधी मी फक्त शहराचे नियम पाहिले. सहा कोंबड्यांपर्यंत परवानगी, कोंबडा चालणार नाही, खुराडं कुंपणापासून ठरावीक अंतरावर. मला वाटलं, झालं काम. इथे अमेरिकेत अनेकांची हीच चूक होते. शहराने परवानगी दिली म्हणजे एचओएने दिली असं होत नाही. एचओएचा करारनामा शहरापेक्षा कडक असू शकतो, आणि तो जमिनीसोबत जातो, घर विकलं तरी पुढच्या मालकाला लागू राहतो. आमच्या करारनाम्यात स्पष्ट लिहिलं होतं की कुत्री, मांजरं आणि तत्सम घरगुती प्राणी सोडून कोणतीही जनावरं किंवा कोंबड्या पाळता येणार नाहीत. अशा वसाहतींमध्ये या देशात सात कोटींहून जास्त लोक राहतात, आणि अनेक करारनाम्यांत हे कलम जवळपास याच शब्दांत असतं.

हे कलम मला दुसऱ्या महिन्यात सापडलं. तेव्हा एचओएच्या बोर्डाकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. खुराड्यावर हिरवी ताडपत्री टाकली आणि रस्त्याच्या बाजूला उंच झुडपं लावली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण लहानपणापासून ऐकत आले आहे, तरी अजून दोन महिने मी तेच केलं. नियम माहीत नसणं ही चूक असते. माहीत झाल्यावर लपवणं ही त्याहून वाईट गोष्ट, आणि त्याबद्दल मी बोर्डाच्या बैठकीत उभं राहून माफी मागितली आहे. इथेही मागते.

तक्रार कुणी केली ते सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला खरा प्रश्न तिथेच आहे. आमच्या डावीकडच्या घरात रात्रपाळी करणारी एक नर्स राहते. ती सकाळी आठच्या सुमारास घरी येऊन झोपते. कोंबड्या बहुतेक अंडी सूर्योदयानंतरच्या पहिल्या पाच-सहा तासांत घालतात, आणि अंडं घातल्यावर कोंबडी कोकलते. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. एकीचं ऐकून दुसरीही सुरू करते. आवाज माणसांच्या बोलण्याइतकाच असतो, कोंबड्याच्या आरवण्याची सर त्याला नाही. पण नुकतंच झोपलेल्या माणसाच्या खिडकीखाली कुणी रोज पंधरा मिनिटं मोठ्याने बोलत राहिलं, तर ते बोलणं म्हणजे काय असतं? तिने कुंपणापाशी मला एकदा सांगितलं होतं. मी म्हणाले, "पण आमच्याकडे कोंबडा नाहीच आहे." त्या वेळी मला ते पुरेसं उत्तर वाटलं. तिला झोप येत नव्हती आणि मी तिला पक्ष्यांचं लिंग समजावून सांगत होते. मग ती बोर्डाकडे गेली, आणि तिने जावं हेच योग्य होतं.

नोटीस आल्यावर दहा दिवसांत कोंबड्या शहराबाहेर एका ओळखीच्या शेतावर गेल्या. पन्नास डॉलर दंड झाला, तो भरला. सुनावणीत मी अपवाद म्हणून परवानगी मागितली. बोर्ड म्हणालं की या कलमात अपवाद करायचा अधिकारच आम्हाला नाही. हेही बरोबरच होतं.

आता तुमच्या "सही केली होती" या वाक्याकडे येते. हो, केली होती, सगळ्या पानांखाली. पण त्याच पानांच्या शेवटी, कोंबड्यांच्या कलमापासून पुष्कळ लांब, दुरुस्तीचं कलम होतं. एकूण घरांपैकी दोन तृतीयांश मालकांनी लेखी संमती दिली तर करारनामा बदलतो. मी त्या कलमाखालीही सही केली आहे, माझ्या शेजाऱ्यांनीही केली आहे. तुम्ही करारनाम्याचा आदर करा म्हणता, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की त्या शेवटच्या कलमाचा आदर त्यात येतो की नाही. नियम पाळणं आणि नियम बदला म्हणून दारोदार फिरणं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदाने मला दिल्या आहेत.

आणि कोर्टात मी हरले असते, हे मला ठाऊक आहे. १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर लेकसाइड व्हिलेज वसाहतीचा खटला आला होता. एका बाईंच्या तीन मांजरी, तिन्ही घरातच राहणाऱ्या, आणि प्राणी पाळायला बंदी. न्यायालय एचओएच्या बाजूने गेलं. एका घराला नियम जाचक वाटतो का हा प्रश्न नाही, संपूर्ण वसाहतीच्या दृष्टीने तो वाजवी आहे का हे पाहायचं, अशी त्यांची भूमिका होती. पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदाच केला की १ जानेवारी २००१ पासून झालेल्या किंवा दुरुस्त झालेल्या करारनाम्यांना निदान एक पाळीव प्राणी ठेवायला पूर्ण बंदी घालता येणार नाही. आमचं राज्य वेगळं आहे, त्या कायद्याचा मला काही उपयोग नाही. पण कोर्टात हरलेली बाजू लोकांचं मत बदलून जिंकता येते, एवढं मला त्यातून दिसलं.

आमची वसाहत ११२ घरांची. ७५ संमती हव्या होत्या. पहिल्या फेरीत ६३ मिळाल्या. विरोधात १९ होते, आणि तीस घरांनी कागद परतच दिला नाही. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्हाला या तिसांचं दुःख माहीत असेल. न दिलेला कागद म्हणजे नकारच धरला जातो.

मग मी विरोध करणाऱ्या एकोणीस जणांकडे गेले. होकार देणाऱ्यांकडे नाही. दहा महिने लागले. प्रत्येकाला विचारलं की तुम्हाला नेमकी भीती कशाची, आणि जे सांगितलं ते लिहून घेतलं. कुणाला घराची किंमत पडेल ही काळजी. एकाच्या मुलाला दमा होता. एका आजोबांचं बालपण कोंबड्यांच्या शेडजवळ गेलं होतं आणि तो अमोनियाचा वास त्यांच्या नाकातून अजून गेला नव्हता. त्यांनी मला कोंबडीच्या शिटेबद्दल जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नसतं. वास शिटेचा नसतो, ओलाव्याचा असतो, असं ते म्हणाले. शीट ओली राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरिक आम्लाचा अमोनिया करतात. कोरडी ठेवली तर तेवढा वास येत नाही. म्हणून आमच्या खुराड्यात लाकडाच्या भुशाचा सहा इंच थर आहे, रात्री बसायच्या दांड्यांखालची फळी रोज सकाळी खरवडली जाते आणि पाण्याचं भांडं भुशापासून उंच टांगलेलं आहे. खरवडलेलं सगळं झाकणाच्या पिंपात वाळक्या पानांत मिसळून खत होतं. आजोबा दोनदा येऊन वास घेऊन गेले आहेत. त्यांना मी तसं आमंत्रणच दिलं आहे, न कळवता यायचं.

उंदरांचं तुम्ही लिहिलंत ते खरं, पण उंदीर कोंबड्यांसाठी येत नाहीत, दाण्यासाठी येतात. अंधार पडायच्या आत उरलेला दाणा उचलून पत्र्याच्या डब्यात जातो. साधी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण रकून नावाचा इथला रानटी प्राणी ती हाताने फाडतो आणि उंदीर तिच्यातून सहज शिरतो. आम्ही अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावली आणि ती चारी बाजूंनी फूटभर जमिनीत पुरली. लहान चिचुंद्र्या-उंदीर त्यातूनही शिरू शकतात, म्हणून दाणा उचलणं कधी चुकवत नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. बरेच जण खुराड्यात रात्री दिवा लावून दिवस चौदा-सोळा तासांचा करतात. आम्ही लावत नाही. शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर उजेड नको, आणि अंडी दोन महिने कमी मिळाली तर आमचं काही अडत नाही.

आजारांची तुमची काळजी मी हलकी मानत नाही. धडधाकट दिसणारी कोंबडीही साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जिवाणू, बाळगू शकते. २०२० मध्ये घरगुती कोंबड्यांपासून झालेल्या साथींत या देशात सतराशेहून जास्त लोक आजारी पडले. त्यामुळे आमच्याकडे पाच वर्षांखालच्या मुलांना कोंबड्या हाताळू देत नाही, कितीही हट्ट केला तरी, आणि बाकी सगळ्यांनी बाहेर येताच साबणाने हात धुवायचे. फेब्रुवारी २०२२ पासून बर्ड फ्लू इथल्या पाळीव पक्ष्यांत पसरला आहे आणि तो मुख्यतः रानटी पाणपक्ष्यांकडून येतो. म्हणून कोंबड्या मोकळ्या सोडत नाही, अंगणावर पक्कं छत आहे, आणि आत जायचे बूट वेगळे. एक जरी पक्षी अचानक मेला तर राज्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवायचं, हे आम्ही परवान्याच्या अटींमध्येच लिहून घेतलं.

हो, परवाना. दुसऱ्या फेरीत ७८ संमती मिळाल्या. चार कोंबड्या, कोंबडा नाही, विक्री नाही, घरी कापणं नाही, रस्त्यावरून दिसता कामा नये, आणि दर दोन वर्षांनी फेरविचार. आज आमच्या परसात आहेत त्या कोंबड्या या कलमाखाली आहेत. मूळ लेख वाचून तुम्हाला वाटलं की मी अजून ताडपत्रीखालीच आहे. तो दोष माझ्या लिखाणाचा.

नर्सबाईंनी दुसऱ्या फेरीतही विरोधातच मत दिलं. मला स्वतः येऊन सांगितलं. आम्ही खुराडं उजवीकडे, गॅरेजच्या मागे नेलं आहे, अंडी घालायच्या पेट्या जाड भिंतीच्या लाकडी खोलीत आहेत. तरी उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की कधी कधी तिला ऐकू जातं. तेव्हा तिचा मेसेज येतो, मी जाऊन कोकलणारीला थोडे दाणे टाकते, ती खाण्यात गुंतते आणि गप्प होते. तिची तक्रार संपलेली नाही, आणि ती संपली असं मी कुठेही लिहिणार नाही.

तुमच्या भारतीयांबद्दलच्या वाक्याने मात्र मला वाईट वाटलं. ताडपत्रीची चूक माझी होती, माझ्या गावाची किंवा भाषेची नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषी खात्याने पोस्टरं काढली होती की घरातल्या प्रत्येक माणसामागे परसात दोन कोंबड्या ठेवा. परसातली कोंबडी इथल्या लोकांचीच आहे, ती आपण बाहेरून आणलेली नाही. आणि इथल्या करारनाम्यांत एकेकाळी कृष्णवर्णीयांना, आशियाईंना घर विकू नये अशीही कलमं असत. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणायला कोर्टांना मनाई केली, आणि १९६८ च्या कायद्याने असा भेदभाव बेकायदा ठरला. माझ्या चार कोंबड्या त्या अन्यायाच्या पासंगालाही पुरत नाहीत, दोन्हींची बरोबरी मी मुळीच करत नाही. पण आपण ज्या घरांत राहतो ती घरं आपल्याला मिळाली, कारण कुणीतरी सही झालेल्या कागदाला प्रश्न विचारला. तेव्हा आपल्यापैकी कुणी बैठकीत उभं राहून दुरुस्ती मागितली तर मान खाली घालायचं कारण मला दिसत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की अंडी बंद झाल्यावर या कोंबड्यांचं काय करणार. चांगली अंडी दोन-तीन वर्षं मिळतात, कोंबडी त्यापुढेही चार-पाच वर्षं जगू शकते. आमची सर्वांत मोठी आत्ताच आठवड्याला दोन अंड्यांवर आली आहे. ती राहील. चारचीच परवानगी आहे, त्यामुळे ती आहे तोवर नवी तलंग आणता येणार नाही, आणि आणणारही नाही. तुमच्या वसाहतीत कुणी अशी दुरुस्ती मागितली, तर आमच्या कलमाचा मसुदा मागा, मी पाठवते. त्यात आजोबांच्या हातची भुशाची अट जशीच्या तशी आहे.