दहा, दहा आणि धाकधूक

दहा किलोमीटर पळता येणं साताऱ्यात धोक्याचं आहे. पाच पळणाऱ्याला कुणी हटकत नाही. दहा पळालात की ओळखीचा-अनोळखी प्रत्येक जण विचारतो, "मग हिल मॅरेथॉन कधी?" भिडेखातर मी एकदा "बघू या वर्षी" म्हणाले आणि घरी येऊन नावनोंदणी करून बसले.

आमची हिल मॅरेथॉन ही खरं तर हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. या वरच्या मीटरांचा मला सुरुवातीपासून राग. १९०८च्या लंडन ऑलिंपिकात पूर्ण मॅरेथॉनची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपवली. ते अंतर भरलं ४२ किलोमीटर १९५ मीटर, आणि १९२१ साली तेच कायमचं ठरलं. आमचं अंतर त्याच्या निम्मं. म्हणजे साताऱ्याला स्वतःची गादी असताना इंग्लंडच्या राजाच्या सोयीसाठी मी यवतेश्वरच्या घाटात ९७ मीटर जास्त घाम गाळायचा!

बरं, घाटही साधा नाही. निम्मी शर्यत कासच्या दिशेनं वर चढायची आणि उरलेली निम्मी तोच घाट उतरायची. एरवी आम्ही तिकडे पावसाळ्यात गाडीनं जातो, भजी खातो आणि गाडीला चढ जड जातोय म्हणून हळहळतो.

नावनोंदणी झाली त्या रात्रीपासून शंका मुक्कामाला आली. ती माझ्यापेक्षा शिस्तीची. मी गजर साडेचारचा लावायचे, ती साडेतीनला उठून बसलेली. घाटात पोटात कळ आली तर? दहा जमतं म्हणून एकवीस कशावरून जमेल? सगळ्यात वाईट म्हणजे ती मागून येणारी गाडी. वेळेत न पोचणाऱ्यांना गोळा करत येते म्हणे. तिचा ड्रायव्हर मला रोज पहाटे दिसायचा. खिडकीतून डोकं काढून अगदी मायेनं म्हणायचा, "ताई, बसा आता."

दिवसा शंकेला सुट्टी, कारण तेव्हा शेजारच्या काकू असायच्या. "बाईच्या जातीनं एवढं पळू नये गं. गर्भाशय खाली येतं." मी हसले, आणि रात्री गुपचूप मोबाइलवर शोधत बसले. तेव्हा कळलं की काकूंच्या मताचे मोठमोठे कोटवाले साहेब होऊन गेलेत. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकात बायका आठशे मीटर पळाल्या आणि शेवटी दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६० साली पुन्हा सुरू झाली. (पुरुष दमले की त्याला पराक्रम म्हणायचं.) १९६७ साली कॅथरीन स्वित्झर बोस्टन मॅरेथॉनला नावाची नुसती आद्याक्षरं लिहून उतरली, तर एक अधिकारी भर रस्त्यात तिच्या अंगावर धावून गेला, तिचा नंबर ओरबाडायला. ती पळत राहिली आणि शर्यत पुरी केली. ऑलिंपिकात बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. तेव्हा मी पहिलीत होते, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. निदान मी तरी असंच म्हणणार.

आणि लांब कशाला जायचं? ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. दुष्काळी माणदेशातली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारायच्या शर्यतीत २०१६ला रिओच्या फायनलपर्यंत गेली, दहावी आली. हे सगळं मी काकूंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिचं वय काय, तुझं काय."

शेवटचे दोन आठवडे तर कहर. त्याला टेपर म्हणतात. पळणं कमी करायचं, म्हणजे स्नायूंची झीज भरून येते आणि पायांत साखरेचा साठा होतो. शरीर दुरुस्तीत गुंतलेलं आणि मन मोकळं. सोमवारी डावा गुडघा दुखला. बुधवारी उजवी टाच. शुक्रवारी असा एक स्नायू दुखला की तो आपल्याला आहे हेच मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सगळीकडे दाबून पाहिलं आणि "काही नाही झालेलं" म्हणाले. इतकी निराश मी आयुष्यात झाले नव्हते. एखादा छोटासा, सन्माननीय आजार त्यांनी दिला असता तर काय बिघडलं असतं?

मग मी माघारीचे कागद मनात तयार केले. पैसे परत मिळणार नव्हते, पण टी-शर्ट शर्यतीच्या आधीच हातात आला होता. हे म्हणाले, "नको पळूस. टी-शर्ट घालून मंडईत जा, कोण विचारतंय?" मला हे पटलंच होतं. तेवढ्यात सासूबाई भजनी मंडळातून परतल्या. त्यांनी तिथं जाहीर करून टाकलं होतं की आमची सून मॅरेथॉन पळणार. अंतरही सांगितलं होतं. बेचाळीस.

"आई, एकवीस आहे."

"असू दे. आता बोलून झालंय."

विषय संपला. घाटाची भीती एकीकडे आणि मंगळवारचं भजनी मंडळ दुसरीकडे. मी निमूटपणे नंबर टी-शर्टाला पिनांनी टोचला.

पहाटे पोलीस कवायत मैदानावर पाहिलं तर तिथं सगळं गावच आजारी. शौचालयाच्या रांगेत पुढच्या बाईंचा गुडघा, मागच्या काकांची कंबर, शेजारच्या काटक पोराला तर म्हणे रात्री ताप होता. "आपण आपलं मजा म्हणून," असं प्रत्येक जण पांढऱ्या तोंडानं म्हणत होता. मीही माझी टाच सांगितली. बरं वाटलं.

घाटाचं म्हणाल तर चढावर निम्मे लोक चालतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही चालले, पळाले, पुन्हा चालले. धुकं होतं. वळणावर शाळेची पोरं ढोल बडवत होती. शंका सुरुवातीला बरोबर होती, पण चढावर बोलायला दम लागतो, तसा तिलाही लागला असावा. परतीच्या उतारावर मला मागून गाडीचा आवाज आला आणि मी जिवाच्या आकांतानं सुटले. नंतर कळलं, ती पाणीवाल्यांची होती.

पदक मिळालं. सासूबाईंनी ते देवासमोर ठेवलं आणि मंडळाला फोन लावला.

पहाटे साडेतीनला मी इतक्या शंका काढल्या, पण सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं उतरायचं, ही शंका एकदाही सुचली नव्हती. उतारावर पळताना मांड्यांना प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं. सरळ उतरता येईना. कठडा धरून मी पाठमोरी, एकेक पायरी उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. काकू.

"काय गं, उलटी का उतरतेयस?"

"सराव," म्हणाले.