‘उत्तेजक गोळ्यांनी डोकं चालतं, सवय लागत नाही’? नाही, तसं नाही

परीक्षेच्या आणि कामाच्या ताणाखाली असलेल्या तरुणांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: अ‍ॅम्फेटामिनसारख्या गोळ्यांनी बुद्धी तल्लख होते, डॉक्टर लहान मुलांनाही त्याच देतात, आणि सोडल्यावर अंग थरथरत नाही, म्हणजे सवय लागत नाही.

आधी बुद्धीचं बघू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी लोकांना कोडी घातली होती: वजनाची मर्यादा असलेल्या पिशवीत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कशा बसवाल? डेक्सअ‍ॅम्फेटामिन किंवा मेथिलफेनिडेट ही उत्तेजक औषधं घेतल्यावर माणसं जास्त वेळ झटली, वस्तू कितीतरी वेळा आत-बाहेर केल्या. उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. हुरूप वाढला, अक्कल नाही.

डॉक्टर एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असलेल्या विकारासाठी) ही औषधं देतात, हे खरंच आहे. पण तिथे मात्रा माणसागणिक ठरते, रक्तदाब आणि वजनावर लक्ष असतं, आणि पोटातून घेतलेल्या गोळीने मेंदूतलं डोपामिन, म्हणजे ओढ आणि हुरूप जागवणारं रसायन, हळूहळू चढतं. तीच गोळी पूड करून नाकाने ओढली की ते झपाट्याने उसळतं. नशा आणि व्यसन यांचं मूळ बरंचसं या वेगात आहे.

सगळ्यात घातक आहे तो सवयीचा मुद्दा. कोकेन डोपामिन परत शोषलं जाण्याची वाट अडवतं. अ‍ॅम्फेटामिन तर ते पेशीतून बाहेर ढकलतं. हे वारंवार झालं की मेंदू स्वतःला आवरतो. दीर्घकाळ व्यसन असलेल्यांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये (PET या तपासणीत) डोपामिनचा संदेश टिपणारे डी-२ ग्राहक (रिसेप्टर) कमी दिसले आहेत. मग जेवण, गप्पा, यश, सगळंच अळणी वाटू लागतं. ओढ मात्र वाढत जाते. ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूतल्या वेगळ्या प्रक्रिया आहेत, असं मेंदूचे अभ्यासक रॉबिन्सन आणि बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलं. म्हणूनच ‘आता मजा येत नाही’ म्हणणारा माणूसही पुन्हा तिकडेच वळतो. सोडल्यावर अंग थरथरत नसेल. पण प्रचंड झोप, भूक आणि खोल नैराश्य येतं, कधी आत्महत्येचे विचारही. ही सवय नाही तर काय?

वागणंही बदलतं. संशय वाढतो, भास होतात. स्वीडनचे मनोविकारतज्ज्ञ रायलँडर यांनी १९७२ मध्ये व्यसनी लोकांच्या एका विचित्र चाळ्याचं वर्णन केलं: एकच निरर्थक काम तासन्‌तास करत राहायचं. कुणी घड्याळ उघडून त्याचे भाग मांडत बसतं. आपण महत्त्वाच्या कामात गढलोय, असंच त्याला वाटत असतं. म्हणून ‘मला तर फायदाच होतो’ या अनुभवावर विसंबू नका.

मेंदू सावरतो, पण सावकाश. मेथअ‍ॅम्फेटामिन या त्याच गटातल्या जास्त तीव्र उत्तेजकापासून वर्षभराहून जास्त काळ दूर राहिलेल्यांमध्ये डोपामिन परत शोषणारी प्रथिनं बऱ्याच अंशी भरून आली होती. स्मरणशक्ती तितकी सुधारली नव्हती. हे व्यसन सोडवणारं खात्रीचं औषध अजून नाही. समुपदेशन आणि नशामुक्त राहिल्याबद्दल लहान बक्षिसं देणारी उपचारपद्धती यांचा उपयोग होतो. भास होत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.