‘कंपायलर काढून नव्यानं टाका’ हा सल्ला चुकीचा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांत, प्रोग्राम तयार करताना येणाऱ्या ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेलं नाव कुठंच सापडलं नाही) या एररबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स आला की कंपायलर काढून नव्यानं टाका. डॉट-ए फाइल तयार झाली म्हणजे लायब्ररी बरोबर आहे. स्टॅटिक लायब्ररीत लागणारं सगळं आत असतं. तरी नाही जमलं तर लायब्ररी पुन्हा बिल्ड करा.’ (डॉट-ए म्हणजे स्टॅटिक लायब्ररीची फाइल: प्रोग्राममध्येच जोडायच्या तयार फंक्शनांचा संच.) जांबोटीकडच्या एका मुलीनं हे वाचून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्रभर कंपायलर उतरवला. डेटा संपला, आणि सकाळी एरर तीच, अक्षर न् अक्षर तीच. म्हणून हे लिहितोय.

एरर तीच राहणार होती, कारण ही तक्रार कंपायलरची नाही, लिंकरची आहे. कंपायलर कोडपासून ऑब्जेक्ट फाइली (डॉट-ओ) बनवतो; लिंकर त्या आणि लायब्रऱ्या जोडून प्रोग्राम तयार करतो. खाली ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ दिसलं की समजावं, तुमच्या फाइलींचं कंपायलिंग नीट झालंय. लिंकरला एक नाव सापडलेलं नाही, एवढंच.

‘डॉट-ए झाली म्हणजे बरोबर’ हेही खरं नाही. एआर हा प्रोग्राम ऑब्जेक्ट फाइलींचं नुसतं गाठोडं बांधतो. आत काय कमी आहे, ते तो तपासत नाही. ते एनएम हा दुसरा प्रोग्राम दाखवतो: नावाआधी टी असेल तर फंक्शन इथंच आहे, यू असेल तर बाहेरून हवंय.

“दादा, नाव तर आहे की आत!” ती मुलगी फोनवर म्हणाली. होतंच. एनएममध्ये ‘टी’ आणि पुढं नुसतं ‘बेरीज’. एररमध्ये मात्र ‘बेरीज(इंट, इंट)’. तो कंस बघा, सगळं उत्तर त्यात आहे. लायब्ररी सीमधली होती, मेन फाइल सी प्लस प्लसमधली. सी प्लस प्लस नावातच पॅरामीटरचे प्रकार गुंफतं. लिंकर खरं तर ‘अंडरस्कोर झेड ५ बेरीज आय आय’ हे नाव शोधत होता. ५ म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं, दोन आय म्हणजे दोन इंट. हेडरमध्ये (फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलीत) सी प्लस प्लसपुरतं एक्स्टर्न सी, म्हणजे ‘हे नाव सीसारखं साधंच ठेव’ ही सूचना, घातलं आणि प्रोग्राम चालला.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती क्रमात. जीएनयूचा लिंकर कमांड डावीकडून उजवीकडं वाचतो, आणि लायब्ररीपाशी पोचल्यावर तोवर अडलेल्या नावांपुरत्याच ऑब्जेक्ट फाइली उचलतो. लायब्ररी आधी आणि मेन डॉट-ओ नंतर लिहिली, तर खडेबाजारातून यादीशिवाय जाऊन आल्यासारखं होतं: यादी हातात पडते तेव्हा दुकान मागं राहिलेलं असतं. म्हणून मेन आधी, लायब्ररी नंतर. दोन लायब्रऱ्या एकमेकींवर अवलंबून असतील, तर त्या लिंकरच्या स्टार्ट-ग्रुप आणि एंड-ग्रुप या पर्यायांच्या मध्ये ठेवा.

‘सगळं आत असतं’ म्हणणाऱ्यांनी लायब्ररीत वर्गमूळ काढून बघावं. लिनक्सवर सीमधला प्रोग्राम जीसीसीनं लिंक करताना गणिताची लायब्ररी वेगळी द्यावी लागते, तीही तुमच्या लायब्ररीच्या नंतर.

पुन्हा बिल्ड करण्याचा सल्ला मात्र एका ठिकाणी खरा ठरतो. डॉट-ए फाइल शेअर्ड लायब्ररीत (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीत) जोडताना ‘रीकंपाइल विथ एफपिक’ आलं (एफपिक म्हणजे कोड मेमरीत कुठंही चालेल असा बनवायचा कंपायलरचा पर्याय), तर आतल्या ऑब्जेक्ट फाइली त्या पर्यायासह पुन्हा कंपाइल कराव्याच लागतात. कंपायलर तिथंही जुनाच चालतो.