चहा चार, रुपये नऊ

आमच्या अण्णांनी आयुष्यात एकच प्रवासवर्णन लिहिलं. विमा एजंटाने फुकट दिलेल्या १९८९ च्या डायरीत ते आहे आणि त्याचं पहिलं वाक्य असं: ‘टांगा (घर ते सोलापूर स्टेशन) – ६ रु. हमाल – केला नाही.’

हमाल केला नाही, कारण हमाल आम्हीच होतो. माझ्या डोक्यावर वळकटी, ताईच्या हातात फिरकीचा तांब्या, आईकडे खाण्याची पिशवी आणि अण्णांकडे ट्रंक. ट्रंकेला साखळी, साखळीला कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. त्या जानव्याला आधीच घरची, कपाटाची आणि ऑफिसातल्या ड्रॉवरची अशा किल्ल्या असल्यामुळे अण्णा चालायला लागले की देवळात कोणीतरी आल्यासारखं वाटायचं.

आम्ही कन्याकुमारीला निघालो होतो. हौस वगैरे काही नाही. ब्लॉक संपत होता.

ज्यांच्या घरात केंद्र सरकारचा नोकर नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. एलटीसी नावाची एक सवलत असते. चार वर्षांतून एकदा सहकुटुंब भारतात कुठेही जाऊन या, गाडीभाडं सरकार देईल. या चार वर्षांना ‘ब्लॉक’ म्हणतात. आमचा ब्लॉक १९८६ ते ८९. शहाऐंशीत ताईचे टॉन्सिल्स निघाले, सत्त्याऐंशीत घरावर स्लॅब पडला, अठ्ठ्याऐंशीत आजी अंथरुणाला खिळली आणि मग उठून बसली. एकोणनव्वदच्या गणपतीत अण्णा एका संध्याकाळी ऑफिसातून आले, खुर्चीत बसले आणि खोल आवाजात म्हणाले, “ब्लॉक लॅप्स होतोय.”

आईने पदर सावरून विचारलं, “अगंबाई! कुणाकडचे?”

‘भारतात कुठेही’ म्हटल्यावर बाकीची माणसं कुठे जावंसं वाटतं त्याचा विचार करतात. अण्णांनी माझ्या शाळेचा नकाशा काढला आणि सोलापुरावर पट्टी ठेवली. सरकार भाडं देणार म्हणजे जितकं लांब तितका फायदा, हा हिशेब साधा होता. पट्टी आधी काश्मीरकडे गेली. पण काश्मीरला स्वेटर लागतात आणि स्वेटरचे पैसे सरकार देत नाही. आसामकडे गेली, पण तिकडे गाड्या बदलाव्या लागतात. मग पट्टी खाली घसरली आणि जमीन संपेपर्यंत घसरतच गेली. मुंबईहून निघून पुणे-सोलापूरमार्गे थेट कन्याकुमारीला जाणारी गाडी होती. एका जागी बसलं की देश संपेपर्यंत उठायला नको. ठरलं.

सरकार भाडं देतं, जेवण देत नाही. त्यामुळे आईने आठवडाभर आधीपासून कडक भाकऱ्या करायला घेतल्या. सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी कौलाचा पातळ तुकडा डोळ्यांसमोर आणावा. ती महिना महिना टिकते. बरोबर शेंगांची चटणी, धपाटे आणि दिवाळी तोंडावर असल्यामुळे चकल्या. वाडी गेलं, रायचूर गेलं, गुंतकलला सकाळी गरम इडल्यांचा वास खिडकीतून आत आला आणि आमच्या डब्यात चार माणसं कडाकडा भाकऱ्या मोडत बसली होती. समोरच्या बाकावरच्या तमिळ काकूंनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आपल्या नातवाला आमच्यापासून थोडं पलीकडे सरकवलं. आईने एक भाकरी पुढे केली. काकूंनी ती घेतली, उलटी-सुलटी केली आणि नातवाच्या बशीखाली ठेवली.

पण या प्रवासाचा खरा नायक भाकरी नव्हे, तिकीट.

एलटीसीचे पैसे मिळवायचे तर आपण खरंच जाऊन आलो हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी क्लेमच्या फॉर्मवर तिकिटांचे नंबर घालावे लागतात. इकडे रेल्वेची तेव्हाची रीत अशी की स्टेशनाबाहेर पडताना गेटवर टीसी तिकीट काढून घेणार. म्हणजे एक सरकार पुरावा मागतं आणि दुसरं सरकार तो दारातच जप्त करतं. अण्णांनी नंबर डायरीत लिहिले, ट्रंकेच्या झाकणाला आतून खडूने लिहिले आणि तरी मनाचं समाधान होईना म्हणून मला पाठ करायला लावले. मी पाचवीत. ‘शून्य चार सात दोन आठ’पासून पुढचे चार नंबर मी पावकी-निमकीच्या चालीत म्हणायचो. सेलमच्या आसपास अण्णांनी मला झोपेतून उठवून विचारलं. मी बरोबर सांगितले. ते म्हणाले, “झोप.”

तिकिटं स्वतः अण्णांच्या बनियनच्या चोरखिशात. आईने तो खिसा आतून शिवला होता, वर दोन सेफ्टी पिना. येतानाची तिकिटं आणि सगळ्या नोटाही तिथेच. त्यामुळे फलाटावर दोन केळी घ्यायची झाली तरी अण्णा आधी डब्याच्या संडासात जाऊन यायचे.

आता कन्याकुमारीच्या देवळाचा नियम असा आहे की पुरुषांनी अंगातलं वरचं सगळं काढून आत जायचं. शर्ट काढा म्हटल्यावर अण्णांनी काढला. पुजाऱ्याने बनियनकडे बोट केलं. अण्णांनी पोटावर दोन्ही हात ठेवले. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी ते बनियन उतरवलं, त्याची गुंडाळी केली आणि बाळंतिणीने मूल धरावं तसं छातीशी धरून देवीसमोर उभे राहिले. तिथल्या देवीच्या नाकातला हिरा प्रसिद्ध आहे. त्याचा उजेड लांब समुद्रात दिसायचा, दीपस्तंभ समजून जहाजं खडकावर यायची, म्हणून पूर्वेचं दार बंद ठेवतात, अशी कथा सांगतात. आई डोळे भरून ती चमकी बघत होती. अण्णांचं लक्ष शेजारच्या माणसाच्या हातांकडे होतं. डायरीत नोंद आहे: ‘देऊळ – १ रु. २५ पै. सर्व सुरक्षित.’

त्या मुलखात ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. कुणीही कुणालाही अण्णा म्हणतं. केळीवाला, रिक्षावाला, लॉजवरचा पोऱ्या, सगळे येणाऱ्या-जाणाऱ्याला “अण्णा! अण्णा!” अशी साद घालायचे आणि आमचे अण्णा दर वेळी थबकून मागे वळायचे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आपल्या ऑफिसातलं कुणीतरी इथेही आलंय. संध्याकाळी गर्दीत मी चुकलो आणि “अण्णा!” म्हणून भोकाड पसरलं, तर सहा माणसं धावत आली. आमचे आले नाहीत. चार वेळा फसून त्यांनी नुकतंच मागे वळणं सोडून दिलं होतं.

सूर्योदयाचं काय झालं, हे विचारू नका. म्हणजे सगळे विचारतातच. पहाटे पाचला लॉजच्या पोऱ्याने दारावर थापा मारून “सन्रैस! सन्रैस!” असा गिल्ला केला. आम्ही मफलर बांधून गच्चीवर. खाली किनाऱ्यावर हजारभर माणसं पूर्वेकडे तोंड करून उभी. दिवाळीच्या दिवसांत आपला पाऊस संपलेला असतो, पण तिकडचा तेव्हा सुरू होतो, हे माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होतं. अण्णांनी त्यातला फक्त नकाशा पाहिला होता. आकाश भिजलेल्या घोंगडीसारखं. सहा वाजले, सव्वासहा झाले. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, “झाला.” आम्ही खाली उतरलो. डायरी म्हणते: ‘सूर्योदय – ढगात.’ खर्चाच्या रकान्यात आडवी रेघ.

विवेकानंद शिलेवर मात्र अण्णा खुलले. लाँचमध्ये आईने डोळे मिटून रामरक्षा म्हटली, आणि खडकावर पाऊल ठेवताच अण्णांनी सांगायला सुरुवात केली की हे स्मारक १९७० साली उभं राहिलं, ते उभारणारे एकनाथजी रानडे आपले, विदर्भातले, आणि त्यांनी देशभरातल्या साध्या माणसांकडून एकेक रुपया गोळा केला. ‘एकेक रुपया’ म्हणताना त्यांचा आवाज दाटून आला होता. इतका हिशेब ठेवणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला असावा.

आणि आता तो चहा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी मला दहाची नोट आणि थर्मास दिला. “चार चहा आण. मोजून घे.” टपरीवर चहा होता रुपयाला एक. टपरीच्या शेजारी एक म्हातारा शंखांवर नावं कोरून देत होता. शंख पाच रुपये, नाव फुकट. मी दोन मिनिटं उभा राहिलो. म्हणजे दोन मिनिटं प्रामाणिक होतो.

त्याला माझं नाव सांगितलं, बाळू. तो हिंदी अक्षरंही कोरायचा, पण त्याच्याकडच्या हिंदीत ळ नव्हता. ज्या तमिळ मुलखात ळ उठता-बसता वापरतात तिथेच माझा ळ गेला. शंखावर सुबक अक्षरात ‘बालू’ असं आलं. हिंदीत त्याचा अर्थ वाळू होतो, हे मला आठवीत कळलं. तिथे वाळू पाकिटात भरूनही विकत होते, सात रंगांची. माझी महाग पडली.

शंख मोज्यात घालून वळकटीत कोंबला आणि एक रुपया परत दिला.

“नऊ रुपये?” अण्णा म्हणाले. मग परत, हळू, एकेक अक्षर सुटं करून: “चार चहाला? नऊ?”

ते चपला घालायला लागले. माझ्या पोटात गोळा आला. टपरी पन्नास पावलांवर. आई म्हणाली, “अहो, परमुलूख आहे. भाषा येत नाही, भांडाल कसे?” अण्णा दारात थांबले. त्यांना तमिळमधला ‘इल्लै’ हा एकच शब्द येत होता आणि तेवढ्यावर भांडण फार लांबणार नाही हे त्यांनाही पटलं. ते परत आले, डायरी उघडली आणि लिहिलं: ‘चहा ४ – ९ रु.!!’ अख्ख्या डायरीत उद्गारचिन्हं तेवढीच दोन. शाई पलीकडच्या पानावर उमटली आहे.

परिणाम फार वाईट झाले. नागरकोइलपासून सेलमपर्यंत अण्णांनी घरच्या कुणाला चहा पिऊ दिला नाही. “हे सगळे एकच,” एवढंच म्हणाले. आईला चहा चुकला की डोकं धरतं. ती केरळचा हिरवागार देश डोक्याला रुमाल बांधून, डोळे मिटून पार झाली. पालघाटचा घाट उतरलाय का रे, असं तिने मला विचारलं तेव्हा मी शेजारीच होतो, वळकटीवर. शंख बुडाला टोचत होता. गुंतकलला एका पोऱ्याने रुपयाला चहा दिला तेव्हा अण्णांनी कप उंच धरून आम्हाला दाखवला. “बघा! म्हणजे फक्त कन्याकुमारीतच लूट आहे.”

सोलापूरच्या गेटवर टीसीने तिकिटांसाठी हात पुढे केला. अण्णांनी तो अडवला, मला पुढे ढकललं, मी परतीचे चारही नंबर घडाघडा म्हटले, अण्णांनी डायरीशी ताडून पाहिले आणि मगच तिकिटं सोडली. टीसी थक्क. अण्णा म्हणाले, “एलटीसी.” सरकारी माणसाने सरकारी माणसाला ओळखलं. “कुठं जाऊन आलात, साहेब?” “कन्याकुमारी.” “कसं आहे?”

“चहा फार महाग,” अण्णा म्हणाले.

तेव्हापासून हेच. शेजारी दक्षिणेत निघाले की अण्णा दारापर्यंत जाऊन सांगणार. ताईच्या लग्नात व्याह्यांशी पहिला विषय हाच. माझा मुलगा चौथीत असताना त्याला ‘कन्याकुमारी’वर पाच ओळी लिहायच्या होत्या. तिसरी ओळ आजोबांनी सांगितली होती, हे बाईंना कळणं शक्य नव्हतं. क्लेम पूर्ण पास झाला, पैसे आले, त्यातून आईची शेगडी आली, पण त्या नऊ रुपयांचा विषय काही मिटला नाही. मी सांगणार होतो. दहावीनंतर, नोकरी लागल्यावर, लग्नात. पण काही गोष्टी वेळेवर सांगितल्या नाहीत की त्यांचा इतिहास होतो आणि मग त्यात दुरुस्ती करायला पुरावे लागतात. पुरावा माझ्याच टेबलाच्या खणात आहे. बालू.

गेल्या दिवाळीत आम्ही गेलो. पुण्याहून विमान, तिरुअनंतपुरमहून टॅक्सी. वळकटी नाही, तिकिटं फोनमध्ये, नंबर कुणालाही पाठ नाही. समुद्रात आता तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा आहे आणि शिलेवरून तिकडे जायला २०२४ च्या डिसेंबरात खुला झालेला काचेचा पूल. मुलाने त्यावर आडवं पडून खालच्या लाटांचे फोटो काढले. सूर्योदय ढगात. आमच्या घराण्याला तो बहुधा मंजूर नाही.

किनाऱ्यावर चहा घेत होतो तेवढ्यात फोन आला. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, म्हणून ते ओरडून बोलतात.

“पोचलात का?”

“पोचलो.”

“चहा घेतलास?”

“घेतोय.”

पलीकडे जरा थांबले. मग अगदी सहज विचारल्यासारखं, “कितीला आहे रे?”

टपरीवर पाटी होती. पंधरा रुपये. मी पाटीकडे पाहिलं, हातातल्या कपाकडे पाहिलं.

“साठ,” मी म्हणालो.

“चौघांचे?”

“एकाचे, अण्णा.”

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने गेलेली हाक, पस्तीस वर्षांत ऐकली नव्हती इतकी खणखणीत:

“अगं, ऐकलंस का? साठ!”